स्नॅपशॉटवर परत जाऊ नका, आधी एका मेलचा माग काढा

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या संस्थेत एकटाच सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. सहा आठवड्यांपूर्वी आमचा जुना मेल सर्व्हर प्रत्यक्ष मशीनवरून उचलून केव्हीएम चालवणाऱ्या एका मोठ्या मशीनवरच्या, म्हणजे होस्टवरच्या, एका व्हीएमवर (आभासी मशीनवर) आणला. मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स दाखवायला डोव्हकॉट आहे. त्याच वेळी बाहेरचा आयपी पत्ताही बदलला. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं, म्हणून संध्याकाळी व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा परतता येईल अशी त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवला. मग तक्रारी सुरू झाल्या. ज्यांना आम्ही पहिल्यांदाच लिहितो त्यांना मेल अर्धा-पाऊण तास उशिरा मिळतो. व्हीपीएनवरून जोडलेल्या एका भागीदार संस्थेला दोन ओळींचा मेल जातो, जोडपत्र लावलं की अडकतो. एका मोठ्या मेल सेवेवरच्या पत्त्यांना पाठवलेला मेल कधी पोचतो, कधी परत येतो. आणि रात्री दीडच्या सुमारास सगळ्यांच्या फोनवरचं मेल काही मिनिटं तुटतं. वरिष्ठ म्हणतात, हे व्हर्च्युअलमुळेच होतंय, जुन्या मशीनवर परत चला. त्याआधी येत्या रविवारी त्या स्नॅपशॉटवर परत जाऊन बघावं असं मला वाटतं. बरोबर आहे का?

उत्तर: रविवारचा बेत आधी रद्द करा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आजच ठरवा.

वेब सर्व्हर मागच्या स्थितीला नेणं आणि मेल सर्व्हर मागे नेणं यात फार फरक आहे. तुम्ही त्या स्नॅपशॉटवर गेलात, तर सहा आठवड्यांत आलेले सगळे मेल त्या डिस्कवरून नाहीसे होतील, हे तर उघडच आहे. पण त्यापुढचं नुकसान लगेच दिसत नाही. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी पोस्टफिक्सच्या क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या रांगेत, जे मेल होते, ते तेव्हाच कधीतरी पोचवले गेलेत. मागे गेल्यावर सर्व्हरला हे ठाऊकच नसेल. तो ते पुन्हा पाठवेल आणि लोकांना दीड महिन्यापूर्वीचे मेल दुसऱ्यांदा मिळतील. त्यातला एखादा त्या वेळी गेला नाही, तर क्यूमधली पाच दिवसांची मुदत कधीच उलटलेली असल्यामुळे पाठवणाऱ्याला थेट 'पोचला नाही' असं उत्तर जाईल, प्रत्यक्षात मेल पोचलेला असूनही.

आयमॅपचं, म्हणजे फोन आणि लॅपटॉप सर्व्हरवरचे मेल ज्या पद्धतीने वाचतात तिचं, प्रकरण याहून वाईट. मेलबॉक्समधल्या प्रत्येक मेलला एक चढता क्रमांक असतो, त्याला यूआयडी म्हणतात. फोन आणि लॅपटॉप त्या क्रमांकावरून ठरवतात की हा मेल आपल्याकडे आहे की नाही. सर्व्हर मागे गेला की क्रमांकही मागे जातात आणि नव्याने येणाऱ्या मेलला जुने, आधीच वापरलेले क्रमांक मिळू लागतात. फोन म्हणतो, हा क्रमांक तर माझ्याकडे आहे, आणि नवा मेल दाखवतच नाही. अशी तक्रार आली की कारण शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो, कारण सर्व्हरवर पाहावं तर मेल तिथे व्यवस्थित असतो. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या आपल्या मेल सर्व्हरच्या बाबतीत व्हीएम स्नॅपशॉटला पाठिंबा नाही असं स्पष्ट सांगितलंय ते याच जातीच्या कारणासाठी. जी प्रणाली सतत बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करते, तिची एकच बाजू मागे नेता येत नाही.

आता तुमच्या चार तक्रारींकडे. पत्रात तुम्ही त्या एका दमात सांगितल्यात आणि वरिष्ठांनी त्यांना एकच नाव दिलंय. मला त्या चार वेगळ्या गोष्टी दिसतात. वेगळ्या कशा, हे मी सांगण्यापेक्षा तुमचा लॉगच सांगेल. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक तक्रारीचा एक मेल घ्या. 'मेल उशिरा जातात' असं मोघम नको. कोणी, कोणाला, किती वाजता पाठवला ते विचारून घ्या आणि त्या एका मेलचा शेवटपर्यंत माग काढा.

त्याआधी होस्ट, व्हीएम आणि बॅकअपचं मशीन, तिघांची घड्याळं जुळतात का ते बघा. घड्याळ जुळवणारा क्रोनी चालू आहे ना, फरक किती आहे, हे 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा सांगते. व्हीएम थांबवून पुन्हा सुरू केलं, किंवा एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं, की त्याचं घड्याळ मागे राहू शकतं. घड्याळं जुळत नसतील तर तीन ठिकाणचे लॉग शेजारी ठेवून काहीच सिद्ध होणार नाही.

पोस्टफिक्स प्रत्येक मेलला एक क्यू आयडी देतो. आधी 'क्लायंट' लिहिलेली ओळ येते, मग मेसेज-आयडीची, मग 'फ्रॉम' आणि 'साइझ'ची, मग प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी 'टू'ची आणि शेवटी 'रिमूव्ह्ड'. मूळ मांडणीतले छोटे क्यू आयडी काही काळाने पुन्हा वापरले जातात. त्यामुळे नुसता आयडी शोधून भागत नाही, तारीख आणि मेसेज-आयडीही जुळवा. 'टू'च्या ओळीत तुमचं बहुतेक उत्तर आहे. त्या ओळीवर थोडं थांबू, कारण अनेक अ‍ॅडमिन तिच्यातला 'स्टेटस' तेवढा वाचतात आणि पुढे जातात.

त्या ओळीत 'डिलेज' नावाचे चार आकडे तिरप्या रेघांनी वेगळे केलेले असतात. पहिला आकडा क्यू मॅनेजरच्या हातात येईपर्यंतचा वेळ. दुसरा क्यू मॅनेजरमध्ये गेलेला वेळ. तिसरा समोरच्या सर्व्हरशी जोडणी होईपर्यंतचा, त्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), नमस्कार-चमत्कार आणि टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणं) सगळं आलं. चौथा मेलचा मजकूर प्रत्यक्ष पाठवण्याचा. तिसरा आकडा मोठा असेल तर डीएनएस किंवा नेटवर्ककडे बघा, व्हीएमच्या मेमरीकडे नाही. पहिला मोठा असेल तर मेल आत घेतानाच वेळ गेला किंवा तो आधीच बराच वेळ क्यूत पडून होता. एवढ्यानेच अर्ध्याहून जास्त तर्क बाद होतात.

शेवटी समोरच्या सर्व्हरचं उत्तर असतं. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे आत्ता नाही, पुन्हा ये. ५ ने सुरू होणारा म्हणजे नाही, आणि पुन्हा येऊ नकोस. कोडच्या पुढचं वाक्यही पूर्ण वाचा. नकार का दिला ते पुष्कळ सर्व्हर तिथे स्पष्ट लिहितात.

तुमची पहिली तक्रार, पहिल्यांदा लिहिलेल्यांना उशीर, ही मला जवळजवळ नक्की ग्रेलिस्टिंगची वाटते. लॉगमध्ये ४५० किंवा ४५१ दिसेल. समोरचा सर्व्हर पाठवणारा आयपी, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि प्राप्तकर्त्याचा पत्ता असं त्रिकूट लक्षात ठेवतो, आणि अनोळखी त्रिकुटाला पहिल्यांदा परत पाठवतो. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे बहुधा येत नाहीत, एवढाच त्यामागचा हिशोब. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि मग प्रत्येक वेळी अंतर वाढवत नेतो, साधारण सव्वा तासाच्या आत. त्यातून अर्धा-पाऊण तास सहज होतो. तुमच्या जुन्या आयपीला लोकांनी कित्येक वर्षं ओळखलं होतं. नवा आयपी सगळ्यांना अनोळखी आहे. यात बिघडलेलं काही नाही आणि काळाबरोबर ते कमी होईल. क्यू वारंवार हाताने ढकलू नका. ज्या सर्व्हरने थोडं थांब म्हटलंय त्याच्याकडे दर मिनिटाला गेल्याने नव्या पत्त्याचं नाव खराबच होतं.

तिसरी तक्रार आधी घेतो, कारण तिचा पहिलीशी संबंध असू शकतो. 'कधी पोचतो, कधी परत येतो' हे वाचून मला लगेच आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत, आठवली. जे मेल परत आले त्यांच्या ओळीत 'रिले'च्या पुढे कंसात पत्ता असतो. तो पाहा. परत आलेल्यांत विसर्गचिन्हांसारखे दोन-दोन ठिपके असलेला लांबलचक पत्ता आणि पोचलेल्यांत साधा चार आकड्यांचा पत्ता, असं चित्र दिसलं तर निदान झालं. नव्या होस्टच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ चालू असणार, व्हीएमने आपोआप एक पत्ता घेतला असणार, आणि समोरच्याकडे दोन्ही सोय असेल तर पोस्टफिक्स मूळ मांडणीत दोघांपैकी कुठलाही निवडतो. तुमच्या त्या नव्या पत्त्याला उलटी डीएनएस नोंद, म्हणजे पीटीआर, नसेल, तर मोठ्या सेवा असा मेल ५५० देऊन परत पाठवतात. जुन्या मशीनवर आयपीव्ही६ नसेल तर हा प्रश्न तुम्हाला आधी कधी दिसलाच नसता. आणि ग्रेलिस्टिंगच्या त्रिकुटात आयपी असतो, त्यामुळे पहिला प्रयत्न एका पत्त्यावरून आणि दुसरा दुसऱ्यावरून झाला की तुम्ही पुन्हा अनोळखी ठरता. उशीर आणखी वाढतो.

तात्पुरता उपाय म्हणून 'इनेट_प्रोटोकॉल्स' फक्त आयपीव्ही४ वर आणा. लक्षात असू द्या, ही सेटिंग नुसत्या रीलोडने लागू होत नाही, पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. कायमचा उपाय म्हणजे दोन्ही पत्त्यांना पीटीआर. ती नोंद तुमच्या डोमेनच्या झोनमध्ये करता येत नाही, पत्ता ज्याने तुम्हाला दिलाय त्याच्याकडे मागावी लागते. पत्त्यावरून नाव आणि त्या नावावरून तोच पत्ता, असं दोन्ही दिशांनी जुळलं पाहिजे, आणि तुमचा सर्व्हर जोडणी करताना जे नाव सांगतो तेही तेच असलेलं बरं.

याच बैठकीत एसपीएफ, म्हणजे तुमच्या डोमेनचा मेल कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकतो हे सांगणारी डीएनएस नोंद, बघून घ्या. आयपी बदलला तेव्हा नोंद बदलली का? बदलताना जुनी तशीच ठेवून दुसरी ओळ तर घातली नाही ना? एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी असल्या की तपासणी चुकीची नोंद म्हणून निकालात निघते. नोंदीत दुसऱ्यांच्या नोंदी जोडणारे इन्क्लूड वाढत जाऊन डीएनएसच्या शोधांची संख्या १० च्या वर गेली तरी तसंच होतं. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, किल्ली नव्या मशीनवर आली का तेही पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत नियम कडक केलेत. गूगलच्या नियमांत छोट्या पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि व्यवस्थित पीटीआर लागतोच. दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात. तुम्ही छोटे असलात तरी तिन्ही करून टाका.

दुसरी तक्रार, जोडपत्र लावलं की भागीदार संस्थेला जाणारा मेल अडकतो, ही चौघींत सगळ्यात फसवी आहे. बहुतेकांचा हात आधी मेलच्या कमाल आकाराच्या सेटिंगकडे जातो. जोडपत्र मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगतं हे खरं आहे, पण आकार जास्त झाला तर समोरचा तसं सांगतो, स्वच्छ नकार येतो. तुमचा मेल नाकारला जात नाही, अडकतो. लॉगमध्ये 'मजकूर पाठवताना वेळ संपली' अशा अर्थाची ओळ असेल, तर तो एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, प्रश्न समजा.

होतं असं. नमस्कार, पाठवणारा, प्राप्तकर्ता या ओळी इवल्याशा पॅकेटमध्ये मावतात, त्या जातात. दोन ओळींचा मेलही जातो. जोडपत्र आलं की व्हीएम १५०० बाइटची भरलेली पॅकेट पाठवू लागतं. व्हीपीएनला स्वतःचं वेष्टन घालायला जागा लागते, त्यामुळे तिथे तेवढं पॅकेट मावत नाही. अशा वेळी मधल्या राउटरने 'पॅकेट मोठं आहे, लहान कर' असा आयसीएमपी निरोप द्यायचा असतो. पण वाटेत कोणी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर तो निरोप पोचत नाही आणि दोन्ही सर्व्हर एकमेकांची वाट बघत बसतात. तपासणी सोपी आहे. व्हीएमवरून भागीदाराच्या सर्व्हरला तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ आकाराचं पिंग पाठवा. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवले की १५०० होतात. उत्तर नाही आलं तर आकडा कमी करत जा. जिथे उत्तर येऊ लागेल त्या आकड्यात २८ मिळवले की तुमचा खरा एमटीयू सापडला.

जुन्या मशीनची नेटवर्क सेटिंग अजून हाताशी असेल तर ती अवश्य उघडून बघा. पूर्वी कोणीतरी तिथे हाताने एमटीयू कमी करून ठेवला असण्याची मला दाट शंका आहे. अशा गोष्टी कुठे लिहून ठेवलेल्या नसतात आणि नव्या व्हीएमवर साहजिकच १५०० येतो. उपाय म्हणून त्या एका मार्गापुरता एमटीयू कमी करा, किंवा व्हीपीएनच्या दारात एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) मर्यादित करा, आणि आयसीएमपीचा तो एक निरोप जाऊ द्या. सगळ्या व्हीएमचा एमटीयू कमी करायची गरज नाही.

राहिली रात्रीची तक्रार. चौघींत हीच एक खरोखर व्हर्च्युअलायझेशनच्या घरातली. दीड वाजता होस्टवर काय चालतं? बॅकअप असणार. बॅकअप घेण्याआधी व्हीएमच्या आत चालणारा गेस्ट एजंट त्याची फाइलसिस्टीम क्षणभर गोठवतो, म्हणजे डिस्कची प्रत सुसंगत निघते. तेवढ्या वेळात लिहिणं थांबतं. डिस्क वेगवान असेल तर कोणाला कळतही नाही. मग बॅकअप त्याच डिस्कवरून भराभर वाचू लागतो आणि मेल सर्व्हरला लिहायला वेळ मिळत नाही. मेल सर्व्हर या बाबतीत फार नाजूक असतो. 'मेल स्वीकारला' असं सांगण्याआधी पोस्टफिक्स तो डिस्कवर पक्का लिहून घेतो, कारण एकदा स्वीकारल्यावर जबाबदारी त्याची. प्रत्येक मेलला डिस्कची वाट बघावी लागते.

दीड वाजता व्हीएमवर आणि होस्टवर एकाच वेळी आयओस्टॅट (डिस्कचं काम मोजणारी आज्ञा) चालू ठेवा, विस्तृत पर्यायासह, आणि लिहिण्याची वाट पाहण्याचा वेळ नोंदवा. दोन्हीकडे वाढला तर साठवण दमते आहे. बॅकअपचा वेग मर्यादित करा. फक्त व्हीएममध्ये वाढला आणि होस्ट निवांत असेल, तर डिस्क कोणत्या प्रकारे जोडलीय ते बघा. प्रत्यक्ष मशीनवरून उचलून आणलेल्या व्हीएमला बरेचदा नकली आयडीई किंवा साटा डिस्क मिळते आणि ती तशीच राहून जाते. व्हीएममध्ये डिस्कचं नाव 'एसडीए' आहे की 'व्हीडीए' यावरून अंदाज येतो. व्हर्टआयओ या व्हीएमसाठीच्या वेगवान जोडणीवर न्यायची असेल तर आधी बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे याची खात्री करा, नाहीतर व्हीएम बूटच होणार नाही. आणि वेग वाढवायला डिस्कचा कॅश मोड 'अनसेफ' करावा असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. होस्टची वीज गेली की स्वीकारलेले मेल गेले. टॉप या आज्ञेतला 'एसटी'चा, म्हणजे होस्टकडून न मिळालेल्या सीपीयू वेळेचा, आकडाही एकदा बघा. तो सतत वर असेल तर होस्टवर गर्दी आहे. शून्याच्या आसपास असेल तर सीपीयूचा विषय सोडून द्या.

रात्रीच्या मंदपणात तुमच्या त्या सहा आठवड्यांच्या स्नॅपशॉटचाही वाटा असू शकतो. तो मूळ क्यूकाऊ२ फाइलच्या (होस्टवर व्हीएमची डिस्क जिच्यात असते तिच्या) आत आहे की वेगळी ओव्हरले फाइल तयार झालीय, ते पाहा. ओव्हरले असेल तर तेव्हापासूनचं सगळं लिहिणं तिच्यात साठतंय आणि ती वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. होस्टची जागा संपली की केव्हीएम ते व्हीएम जागच्या जागी थांबवतो. व्हीएमच्या आत डीएफ (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) मारून हे कधीच कळणार नाही, तिथे भरपूर जागा मोकळी दिसत असते. होस्टवरची जागा आजच बघा.

ती ओव्हरले फाइल 'जुना स्नॅपशॉट' समजून हाताने उडवू नका. सहा आठवड्यांचे मेल तिच्यातच आहेत, जुनी आहे ती मूळ फाइल. स्नॅपशॉट काढणं म्हणजे ओव्हरले मूळ फाइलमध्ये मिसळणं. लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनात ब्लॉककमिट या आज्ञेने हे व्हीएम चालू असतानाही होतं. गर्दी नसताना करा, रविवारचा मोकळा वेळ याच कामी लावा. झाल्यावर व्हीएम पुन्हा मूळ फाइलवर आलंय हे डिस्कच्या यादीत तपासा आणि मगच उरलेल्या फाइलचं काय ते बघा. हे सगळं पूर्ण बॅकअप हातात असताना, आणि तो बॅकअप उघडतो हे पाहिल्यावर.

बॅकअप उघडून पाहताना एक काळजी घ्या. परत उभारलेलं व्हीएम पहिल्यांदा सुरू करण्याआधी त्याची नेटवर्कची जोडणी तोडून ठेवा. नाहीतर ते उठताक्षणी आपल्या क्यूमधले मेल जगाला पाठवू लागेल आणि खऱ्या सर्व्हरच्याच पत्त्यावर हक्क सांगेल.

वरिष्ठांना काय सांगायचं, ते आता तुमच्याच हातात आहे. जुन्या मशीनवर परत गेलात तरी नवा आयपी तोच राहील, त्याला पीटीआर लागेलच, अनोळखी पत्त्याला ग्रेलिस्टिंग होईलच. भागीदाराची तक्रार कदाचित सुटेल, पण ती जुन्या एमटीयूमुळे, आणि तो आकडा व्हीएमवरही घालता येतो. चार मेलच्या चार ओळी लॉगमधून काढा, प्रत्येकीखाली कारण आणि उपाय लिहा, आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवा. रात्रीची तक्रार तेवढी व्हर्च्युअलायझेशनची आहे हे त्यात मोकळेपणाने लिहा. आधी आयपीव्ही६ बंद करून दोन दिवस लॉग बघा, मग एमटीयू, मग बॅकअपची वेळ आणि वेग, रविवारी स्नॅपशॉट. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलाची तारीख-वेळ लिहून ठेवा, कारण पुढचा माग काढताना लॉगच्या शेजारी तीच नोंद लागणार आहे.